काकवीचा कौल

त्या सोमवारी देवळात पाच जण हुतो. मी, माझी लेक, माझ्या सासूबाई म्हणजे आत्ती, धाकटं दीर म्हणजे भावजी, आन म्हातारा गुरव. देव धरला तर सहा. त्यालाबी धराय पायजे, कारण सगळं त्याच्याच अंगावर झालं.

लेक बारावी शायन्स पास झाली हुती, इंजिनेर व्हायचं म्हणत हुती. गारगोटीकडच्या आमच्या गावात तवा इंजेन म्हटलं की विहिरीवरचं, डिझेलचं. आत्ती म्हणायच्या, त्ये चालवाय एवढं शिकाय कशाला पायजे, हँडल मारलं की झालं.

दोन कालेजांची पत्रं आली. एक सांगलीचं, एक पुण्याचं. मला वाचाय येत न्हवतं, पर सांगलीचा कागद पिवळा आन पुण्याचा पांढरा, एवढं ध्यानात ठेवलं.

भावजींना सांगली पायजे हुती. त्यांची सासरवाडी तिथली. पोरीला तिथं ठेवायची, आन दोन वर्सांत मेव्हण्याशी लगीन लावून मोकळं व्हायचं, ह्यो त्यांचा बेत. मला कुणी सांगितला न्हवता. मेव्हणा दोनदा येऊन पोरीच्या हातचा च्या पिऊन गेलता, तेवढ्यावरनं वळखलं. पुण्याला होस्टेल हुतं. लेक मला एकदाच म्हणाली, "आई, सांगलीला गेलो तर माझं पुस्तक मिटलं बघ."

मालक गेल्यावर तेरा वर्सं मी उसाच्या फडात राबलो. पाल्यानं हात चिरायचं, चिरू द्यायचं. त्याचं काय सांगाय न्हाय. पर पोरीचं पुस्तक मिटू द्यायचं न्हवतं. आन भावजींफुडं तोंड उघडायची सोय न्हवती, घर त्यांच्या हातात.

मग भावजीच म्हणालं, देवाला कौल लावू. आमच्याकडं कौल म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची. जी आधी पडंल तो देवाचा शब्द. भावजींनी उजवी सांगलीला लावली, डावी पुण्याला. उजवी बाजू दाराकडची, तिकडनं वारा लागायचा. हे त्यांना चांगलं ठावं हुतं.

मलाबी ठावं हुतं.

गुरवाला कमी दिसायचं. पाकळ्या ओल्या करून त्याच्या हातात द्यायचं काम माझ्याकडं. घरात गुऱ्हाळावरची काकवी राखलेली हुती. उसाचा पाकच तो, बोटाला लागला तर धुतल्याबिगर निघायचा न्हाय. थोडी पानात बांधून कमरंला खवली. उजवी पाकळी देताना तिच्या पाठीला पुसली.

वारा आला. डावी पडली, उजवी हालंना. गुरव म्हणाला, पुणं. भावजी म्हणालं, वाईच थांबा, आणि एकदा लावू. तेवढ्यात देवाच्या उजव्या दंडावरनं मुंग्यांची रांग वर निघाली. भावजी वाकून बघाय लागलं.

आत्ती काठी टेकत फुडं झाल्या. पाकळी उपटून मुठीत घेतली, बोट पदराआड चाटलं, आन माझ्याकडं बघितलं. मी खाली फरशीकडं बघत ऱ्हायलो.

"सांगलीला मुंग्या लागल्यात," आत्ती म्हणाल्या. "देवानं आणि किती फोडून सांगायचं? चला घराकडं."

आईफुडं भावजी बोलायचं न्हाईत. वाटंत आत्ती माझ्या बाजूला आल्या आन हळूच म्हणाल्या, "उरलीया न्हवं? भाकरीसंगं काढ मला."

लेक सगळा येळ डोळं मिटून, हात जोडून उभी. तिला ह्यातलं काय दिसलं न्हाय. पुण्याला गेली, इंजिनेर झाली, धरणाच्या कामावर पुरुषांना हुकूम सोडाय लागली. आजपतूर सगळ्यांना सांगत आलीया, मला देवानं पुण्याला धाडलं. आता हे मी सांगतोय आन तीच लिहून घेतीया. पेन थांबलंय तिचं. लिही की गं.

मला आता देवळाची पायरी चढवत न्हाय. वाचणारं कुणी तिकडं गेलासा, तर देवाचा उजवा खांदा तेवढा वल्या फडक्यानं पुसा.