डॉ. आगटे यांची पक्ष्यांची वही आणि नमासचा रस्ता

सौदीतल्या खमीस मुशैतच्या आमच्या हॉस्पिटलात जुनी कपाटं रिकामी करताना एक वही निघाली. मराठीत होती, म्हणून ती माझ्या टेबलावर आली. फिजिओथेरपीत मी एकटीच मराठी. चाळीसेक वर्षांपूर्वी इथे असलेल्या डॉ. आगटे यांच्या पक्ष्यांच्या नोंदी होत्या. तारीख, वेळ, वारा. मध्येच 'आज घरचं पत्र नाही.' एका पानावर पक्ष्याचं चित्र होतं आणि खाली ओळ: 'नमासच्या अलीकडे बुरूज. मागे अरारचं मोठं झाड. मॅगपायचं घरटं, पिल्लं दोन.' अरार म्हणजे इथलं सुरूसारखं जुनिपरचं झाड.

हा काळा, लांब शेपटीचा मॅगपाय जगात फक्त याच डोंगरांत आहे, आणि आता फार थोडे उरलेत. शुक्रवारी जायचं ठरवलं.

मी, माझा नवरा मंदार आणि आमची दहा वर्षांची इरा सकाळी लवकर निघालो. अबहालाच टाकी भरून घ्या. पुढे रस्ता कड्याच्या काठाने जातो. उत्तम आहे, पण धुक्यात सावकाश. माकडं दिसली की काचा वर. वाटेत तनुमा गावी गरम तमीस रोटी आणि वालासारख्या बाकल्याच्या घोटलेल्या दाण्यांची भाजी खा. पंधरा रियालमध्ये तिघांचं पोट भरलं.

बुरूज सापडला. झाडही सापडलं, पण पार वाळलेलं. इरा म्हणाली, "आई, लेट्स गो. देअर इज नथिंग."

शेजारच्या शेतात एक म्हातारे गृहस्थ बांध घालत होते. माझं अरबी 'कुठे दुखतं, किती दिवस' एवढंच, म्हणून वहीतलं चित्र दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं, "अकअक", म्हणजे मॅगपाय, असं म्हणाले आणि वरच्या ओढ्याकडे हात केला. अर्धा तास चढलो. पुढे गेलेल्या इराने हातानेच आम्हाला थांबवलं. हिरव्या अरारवर दोन मॅगपाय बसले होते.

परतल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडून डॉक्टरांचा मिरजेचा नंबर मिळाला. ते आता पंच्याऐंशीच्या पुढे, नजर गेलेली. फोन लावला. झाडाचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण जमलं नाही.

"झाड वाळलंय, डॉक्टर."

 त्यांनी विचारलं, "आणि पक्षी?"

"दोन. वरच्या ओढ्याजवळ."

"वेळ?"

मी पाहिली नव्हती. मागून इरा म्हणाली, "टेन फॉर्टी."

वही पाठवू का, असं मी विचारलं.

"नको. पक्षी तिथे आहेत, वहीही तिथेच राहू दे. पुढच्या पानावर लिहा. झाडाचंही लिहा."

दोन्ही लिहिलं. वेळ इराने घातली.