आरशावरचा डाग

आमच्या हिला कारखान्यात सगळे 'घार' म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत मात्र कुणात नाही, माझ्यात तर नाहीच. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, हे लग्न झाल्यापासून मी भोगतोय.

तिचं काम एक्स-रे बघायचं, पण माणसांचे नव्हे, नळ्यांचे. लढाऊ विमानात पायलटच्या सीटमागे बोटाहून बारीक पोलादी नळ्या असतात. नळीच्या पोटात स्फोटक पुडीची दोऱ्याएवढी रेघ. जिवावर बेतलं की पायलट हँडल ओढतो, नळीच्या एका टोकाला ठोका बसतो आणि स्फोट त्या रेघेवरून आतल्या आत धावत दुसऱ्या टोकाला पोचतो. नळी फुटत नाही, शेजारच्या वायरला चटकाही बसत नाही. पलीकडे डोक्यावरची काच उडते, मग सीट. विमानातली वीज गेली तरी हे चालतं. फक्त रेघ कुठे तुटलेली नको. तुटली तर निरोप तिथेच अडकतो. आणि नळी उडवून बघावी तर ती संपलीच. म्हणून प्रत्येक खेपेतल्या थोड्या नळ्या उडवून बघतात, बाकीच्या हिच्या डोळ्यांच्या भरवशावर विमानात जातात.

त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "अहो, आरसा पुसा जरा. डाग पडलाय."

मी पुसला.

"अजून आहे."

"आता काय काच झिजवू?"

तिने आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. आणि मटकन पलंगावर बसली.

"आरशावर नाहीये हो तो," ती म्हणाली. "मध्ये मी चांगल्या नळ्या रद्द केल्या होत्या ना? कापून बघितल्या तर आत रेघ अखंड. घार चुकली म्हणून सगळे हसले. मीही हसले."

"मग बिघडलं काय? जरा जास्तच काळजी घेतलीस, एवढंच."

"ज्या डोळ्याला नसलेली फट दिसते, त्याला असलेली दिसली असेल कशावरून?"

"आता निवृत्तीच आलीये. मोतीबिंदू असेल, गुपचूप ऑपरेशन करून घे. कुणाला कळणार आहे?"

"ज्याला कळेल, तो सांगायला परत येणार नाही."

तिने साहेबांना स्वतःच जाऊन सांगितलं. तिने पास केलेल्या अलीकडच्या सगळ्या फिल्म दुसऱ्या तपासनीसांनी पुन्हा बघितल्या. एकीत केसाएवढी फट निघाली. ती नळी विमानात बसवूनही झाली होती. विमान जमिनीवर थांबवलं, नळी काढली, कापली. फट खरी होती.

हे कळलं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन ती डोळ्याला पट्टी बांधून घरी पडली होती.

"नाव गेलं माझं," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. खोटं बोललो तर तिला पट्टीतूनही दिसतं.

"पण नळी आली ना परत?"

"आली."

मग ती म्हणाली, "तो पायलट रोज त्या सीटवर बसत होता हो. माझ्या भरवशावर." आणि तिला रडू फुटलं. रडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तिला अडवलं नाही.