राखून ठेवलेला आवाज

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात ज्या छोट्या कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचो, तिथे माणसांचे आवाज साठवले जायचे. आजारामुळे ज्यांची वाचा हळूहळू जाणार असते, ते आधीच ढीगभर वाक्यं बोलून ठेवतात. पुढे टाइप केलं की यंत्र त्यांच्याच आवाजात बोलतं. त्यातला एक निवृत्त बसड्रायव्हर माझ्या चांगलाच लक्षात आहे. कॉर्ककरांसारखा हेल काढून बोलायचा. वाक्य नीट जमलं की स्वतःलाच शाबासकी द्यायचा, "ग्रँड!" तिकडे 'मस्त'लाही हाच शब्द आणि 'असू दे, चालतंय'लाही हाच. शेजारी बसलेली बायको हसायची. शेवटी शेवटी त्याची जीभ जड झालीच होती.

हे सगळं दोन डिस्कवर होतं. एकीवर जे, तेच दुसरीवर. एक गेली तरी दुसरी आहे, म्हणून हा मिरर. डिस्क जुन्या झाल्या, नव्या आल्या. अशा वेळी नवी आधी तिसरी म्हणून जोडायची, तिच्यावर सगळं उतरू द्यायचं, मगच जुनीला हात लावायचा. हे आमच्या धंद्यात नवशिक्यालाही कळतं. पण सर्व्हरमध्ये तिसरीला जागा नव्हती. बाहेरून जोडायचं खोकं मागवावं लागणार होतं. माझा सीनियर नागपूरचा, हुशार आणि महाउतावळा.

"एक काढू, तिथे नवी लावू. काय टेन्शन घेतो बे?"

"पण कॉपी होईपर्यंत एकच डिस्क राहते ना. आणि रेकॉर्डिंग्ज बॅकअपमध्ये घेतच नाही आपण."

"त्यासाठी मिरर आहे ना!"

जो मिरर तोडायला निघाला होता, त्याच्याच भरवशावर! मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

त्याने एक डिस्क काढली. रुग्णांचा डेटा इकडेतिकडे पडू द्यायचा नाही, हा नियम मात्र इमानेइतबारे पाळून ती लगेच पुसूनही टाकली. उरलेली डिस्क तिच्याच वयाची, तिच्याबरोबरच विकत घेतलेली. एवढं सगळं एका दमात वाचण्याचा ताण तिला सोसला नाही. कॉपी अर्ध्यावर यायच्या आत तीही गेली. डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे आम्ही ती पाठवली. त्यांनी जे परत दिलं, ती नुसती खरखर होती.

सीनियरने सगळ्यांना मेल टाकला, 'तांत्रिक अडचण'. बाकीच्यांना पुन्हा रेकॉर्डिंगला बोलावता आलं. बसड्रायव्हरला बोलावून उपयोग नव्हता. त्याची वाचा तोवर पूर्ण गेली होती आणि त्याचा आवाज यंत्रात बसवायचा अजून बाकी होता. मी त्याच्या घरी गेलो, कारण हे मेलवर कळवायची मला लाज वाटली.

बायकोने चहा केला. मी सगळं सांगितलं.

"थोडासुद्धा नाही उरला?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तो खुर्चीतून माझ्याकडे बघत होता. मग त्याने सावकाश बोट चालवलं आणि यंत्रातून कुणा परक्या माणसाच्या सपाट आवाजात शब्द आला, "ग्रँड."

बायको कप तसाच ठेवून आत निघून गेली.