गव्हावर गहू

नात पुण्याहून सुट्टीला जळगावला आली की स्वयंपाकघर तिच्या ताब्यात जातं. या वेळी तिच्या डोक्यात बरिटो होता. परातीएवढी पातळ पोळी करायची, मधे राजमा, भात, परतलेली शिमला मिरची आणि चीज ठेवायचं, दोन्ही कडा आत घ्यायच्या आणि घट्ट गुंडाळायचं. मैदा तिला नको होता. घरातलं पीठ संपलेलं, म्हणून सकाळी थोडे गहू पिशवीत घालून तिनं मला गिरणीवर पाठवलं.

त्याच आठवड्यात वहिनी धुळ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. माझे थोरले भाऊ गेल्यापासून त्या तिकडे मुलाजवळ असतात. त्या स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"राजमा-भात पोळीत बांधून खायचा? ताटांवर रुसलीस का गं?" त्यांनी विचारलं.

"आजी, हे हातात धरून खातात."

"मग शेतात जाताना बरं. इथं कुठं निंदायला जायचंय?"

पहिली गुंडाळी करतानाच पोळी फाटली. नातीनं कडा आत घेतल्या, पुढची बाजू सारणावर ओढली आणि तिथंच चीर पडून राजमा ओट्यावर आला. दुसरीचंही तेच झालं. "आजी, तू ये ना. तू तर मांड्यांच्या गावची."

वहिनी हसल्या. "नको बाई. माझ्या हाताला ताण नाही."

नातीला ते साधं वाटलं असणार. मी मात्र हातातला पेपर खाली ठेवला. ते वाक्य वहिनींचं नव्हतं, माझ्या आईचं होतं. आणि आईच्या तोंडी ते आलं माझ्यामुळे.

तेव्हा आम्ही धरणगावजवळच्या आमच्या गावी राहत होतो. मी कॉलेजात जायला लागलो होतो आणि वहिनी नव्यानं घरात आल्या होत्या. त्यांच्या माहेरच्या मांड्यांचं पंचक्रोशीत नाव होतं. मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा हातांवर झेलत, खांद्याच्या उंचीला हात धरून, फिरवत फिरवत वाढवायचा आणि उपड्या खापरावर टाकायचा. पिठाला तार हवी, नाहीतर तो हातातच फाटतो. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते आणि आईनं ठरवलं होतं की मांडे नव्या सुनेनंच करायचे.

गहू आदल्या दिवशी ओलवून, फडक्यात बांधून ठेवलेले होते. ते दळून आणायचं काम माझं. "गव्हावर गहू टाकायला सांग," आईनं दोनदा बजावलं. खानदेशात याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. गिरणीच्या पाळ्यांत आधीच्या दळणाचं पीठ अडकलेलं असतं, ते पुढच्यात मिसळतं. माझ्या आधी कोणाचा तरी कळणा दळून झाला होता, ज्वारी आणि उडीद. गिरणीवाला म्हणाला, थोडं थांब, मागं गव्हाचं दळण आहे, ते आधी जाऊ दे. नदीवर मित्र वाट पाहत होते. मी म्हटलं, टाका.

दुसऱ्या दिवशी पाहुणे ओसरीवर बसलेले आणि आत वहिनींच्या हातावर मांडा फाटला. मग दुसरा. तिसऱ्या वेळी पुरण चुलीत पडून जळकट वास सुटला. वहिनी हळूच म्हणाल्या, पिठात काहीतरी मिसळलंय. आईनं मला हाक मारली.

"गव्हावरच दळलं ना रे?"

मी "हो" म्हटलं.

एवढंच. पाहुण्यांना तव्यावरच्या पुरणपोळ्या वाढल्या, बहिणीचं जमलंही. त्यामुळे काही बिघडलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पण आई त्या दिवशी सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "तिना हातले ताण नही. आणि वर पिठाले नाव ठेवस." म्हणजे हात वाईट आणि जीभही खोटी. पुढं घरात मांडे असले की बाहेरून बाई बोलावत. वहिनी कोपऱ्यात लसूण सोलत बसत. खापरापाशी त्यांना कोणी बोलावलं नाही आणि त्याही गेल्या नाहीत. बहीण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की हा किस्सा हमखास सांगायची. सगळे हसायचे. मीही हसलो आहे.

इकडे तिसरी पोळी फाटली तेव्हा वहिनी उठल्या. परातीतून चिमूटभर कणीक घेऊन त्यांनी ती दोन बोटांत ताणली.

"हाई पीठ जवारीवर दयेल शे." ज्वारीवर दळलेलं.

नात माझ्याकडे वळली. "आबा, तुम्ही गव्हावर टाका म्हणाला नव्हतात?"

"म्हणालो होतो," मी म्हटलं.

खरं तर सकाळी गर्दी होती, पुढच्या बाईची ज्वारी झाली होती आणि मी काही न बोलता पिशवी पुढं केली होती. पण उत्तर आपोआप आलं, इतक्या वर्षांनी, तसंच. वहिनींनी बोटं पदराला पुसली आणि त्या परत खुर्चीकडे निघाल्या. त्या दिवशीही खापरापासून अशाच निघाल्या होत्या.

"नव्हतो म्हणालो," मी म्हटलं. "वहिनी, आज नाही आणि तेव्हाही नाही. तेव्हा कळण्यावर दळलं होतं."

त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "मले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या. "तवय काबर नही बोलनात?"

तेव्हा का नाही बोललात. भीती म्हणावी तर आई मला दोन शब्द बोलली असती, बस.

"मला नका सांगू भाऊ. जी सांगत फिरते तिला सांगा."

माझ्या सांगण्यावरून नातीनं माझ्या बहिणीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मी सगळं सांगितलं. बहीण हसली. "अरे दादा, किती जुनी गोष्ट! आता कोण धरून बसलंय?"

"जुनी ना?" वहिनी लांबूनच म्हणाल्या. "मग दर आखाजीला ताजी कशी होते?"

नातीनं फोन बंद केला.

मग वहिनी ओट्यापाशी आल्या. दोन पोळ्या एकावर एक ठेवून त्यांनी सारण कमी घेतलं, कडा आत दुमडल्या, पुढची बाजू बोटांनी सारणाखाली दाबली आणि गुंडाळी केली. फाटली नाही. नात ओरडली, "आजी! मी उद्या नीट दळून आणते. आपण मांडे करू, मला शिकव."

वहिनींनी दोन्ही हात वर न्यायचा प्रयत्न केला. ते छातीच्या वर गेले नाहीत.

"आता खांदे उचलत नाहीत बाई," त्या म्हणाल्या आणि पुढची पोळी ओढून घेतली.

त्या धुळ्याला परत गेल्या आहेत. आई नाही, भाऊ नाहीत, त्या दिवशी चुलीभोवती बसलेल्या बायकांतल्या बहुतेक नाहीत. त्यांना मी आता कुठं सांगू? जे उरलेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. या आखाजीला किस्सा निघालाच, तर तो असा सांगावा.