काकांची चौकी

दिल्लीच्या संसदेत जे काही बोललं जातं ते आपल्यालाच उद्देशून असतं, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमचा घरमालक होता. यजमानांची बँकेतली बदली जयपूरला झाली तेव्हा मालवीय नगरात आम्ही ज्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला, त्याच्या तळमजल्यावर हे काका आणि काकू राहत. मूळचे अमरावतीकडचे. टेलिफोन खात्यातल्या नोकरीनं तरुणपणीच त्यांना इकडे आणलं, पुढे त्यांनी इथंच घर बांधलं, मुलगा शिकून परदेशी गेला, आणि निवृत्त झाल्यावर काकांनी स्वतःची नेमणूक संसदेवर करून घेतली. अधिवेशन चालू असलं की अकराच्या आत आंघोळ-पूजा उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून ते टीव्हीसमोर हजर असत. बनियनवर बसून सभागृह पाहणं त्यांना पटत नसे. एकदा मी चुकून म्हटलं, "काका, त्यांना कुठं तुम्ही दिसता?" तर गंभीरपणे म्हणाले, "आपल्याले तर आपण दिसतो न, सूनबाई."

अध्यक्षांनी "शांत रहा" म्हटलं की काका हात वर करून काकूंचा मिक्सर बंद करायला लावत. गोंधळ फारच वाढला तर टीव्हीकडे पाहून अजिजीनं म्हणत, "बसा जी, बसा. लेकरं पाहून राहिले घरोघरी." सभागृह दोनपर्यंत तहकूब झालं की काकाही तहकूब होत, जेवून, लवंडून, दोनला पुन्हा शर्ट घालत. भांडी घासायला येणारी बाई दारातूनच विचारायची, "बाऊजी, आज संसद चालू है?" कारण चालू असेल तर तिला बैठकीची फरशी पुसता येत नसे. पण काकांचा खरा जीव होता तो संध्याकाळच्या खासदारांवर. सगळे मोठे लोक निघून गेलेले, बाकं रिकामी, आणि कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातला एखादा खासदार आपल्याकडच्या पुलाबद्दल कागद हातात धरून बोलत असायचा. काका त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत. का, असं विचारलं तर म्हणत, "माणूस इतक्या दुरून तयारी करून येते. कोणी तरी ऐकाले पाहिजे."

काकूंना या सगळ्याचा कंटाळा नव्हता, पण त्यात रसही नव्हता. त्यांचं राज्य संध्याकाळचं. चहा झाला की पायात चपला अडकवून त्या बागेला दोन-तीन फेऱ्या मारायला निघत, जाताना मला हाक मारत, आणि मी नाही गेले तर एकट्याच जात. भाजीवाली, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा दूधवाला, सगळ्यांशी त्यांचं बोलणं असायचं. राजस्थानी बायका त्यांची वऱ्हाडी हिंदी ऐकून हसत आणि मग त्याही तशीच बोलायला लागत. जयपूर मला काकूंनी दाखवलं, तेही चालत.

एका संध्याकाळी अशाच फेरीत मागून मोटरसायकल आली आणि मागे बसलेल्यानं काकूंच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं. काकू रस्त्यावर पडल्या. कोपर सोलवटलं, मानेवर लाल वळ उठला. मी धावत खाली गेले तेव्हा काका त्यांना पाणी पाजत होते. ठाण्यात लोक नीट बोलले, तक्रार लिहून घेतली. "स्टाफ कम है, बाऊजी, इलाका बड़ा है," असंही एकानं प्रांजळपणे सांगितलं. आमच्या भागात ही पहिली घटना नव्हतीच.

जखम भरली. मानेवरचा वळही गेला. पण काकू फाटकाबाहेर जाईनात. भाजी मी आणायला लागले. "सोनं गेलं त्याचं काही नाही गं," त्या मला म्हणाल्या, "पण मागून गाडीचा आवाज आला का पाय उचलतच नाहीत. जमिनीत रोवल्यासारखे होतात." संध्याकाळी चहा झाला की त्या जाळीच्या दाराशी उभ्या राहत आणि दिवे लागले की आत येत.

काका त्या काळात टीव्हीसमोर बसत, पण शर्टाची बटणं खालीवर लागलेली असत. मग एका सकाळी त्यांनी लग्नातला कोट काढला आणि खासदारांच्या जनसुनवाईला गेले. जनसुनवाई म्हणजे खासदार आपल्या कार्यालयात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतात ती. सोबत मला नेलं, कारण "महिलेचा प्रश्न आहे, महिला पाहिजे." आमचा नंबर आल्यावर काकांनी सगळं सांगितलं आणि कोपऱ्यावर पोलीस चौकी मागितली. खासदार दमलेले दिसत होते. म्हणाले, "अंकलजी, पुलिस तो राज्य का विषय है. मैं दिल्ली में हूं." काकांना राज्यघटनेतली केंद्र आणि राज्यांच्या विषयांची यादी तोंडपाठ होती. ते म्हणाले, "मालूम है साहब. सातवीं अनुसूची. पर आप बोल तो सकते हैं. आप वहां खड़े होते हैं तो मैं सुनता हूं." खासदारांनी पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते जे पुलाबद्दल, गटाराबद्दल रिकाम्या बाकांसमोर बोलले होते ते काकांनी त्यांना तिथंच आठवून सांगितलं, विषयासकट. "आपने सुना था?" खासदारांनी विचारलं. मग त्यांनी काकांसाठी चहा मागवला.

त्या अधिवेशनात देशातल्या असुरक्षिततेवर चर्चा ठेवली होती. एकेका राज्यातले खासदार उभे राहून सांगत होते. कुणाच्या गावात रात्रीच्या चोऱ्या, कुणाकडे कारखान्यातून सुटणाऱ्या बायकांना रस्त्यात त्रास. सगळ्यांचं मागणं एकच, पोलीस आमच्या जवळ असू द्या, आम्हाला ओळखणारे असू द्या. आमच्या खासदारांची पाळी संध्याकाळी आली. मीही खाली जाऊन बसले होते. ते म्हणाले, "मेरे क्षेत्र की एक बहन हैं, महाराष्ट्र से आकर बसी हैं. रोज़ शाम को टहलने निकलती थीं. अब दरवाज़े तक आती हैं और लौट जाती हैं." काकू कणकेच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे माझंच सांगून राहिले का?"

काका खुर्चीवरून उठून उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली.

"दरवाज्याचं तुमी सांगितलं त्याइले?" काकूंनी विचारलं. त्या परत आत गेल्या आणि बराच वेळ पोळपाटाचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी चर्चेला उत्तर दिलं. सरकारला चिंता आहे, सदस्यांच्या भावना राज्यांना कळवल्या जातील, मदत केली जाईल. परंतु पोलीस हा राज्यांचा विषय आहे. मला वाटलं काका चिडतील. त्यांनी टीव्ही बंद केला, आणि अधिवेशन चालू असताना त्या घरातला टीव्ही बंद झालेला मी प्रथमच पाहिला. "मंत्री खोटं नाही बोलले," ते म्हणाले. "इतक्या दुरून या कोपऱ्यावर कोणाचा हात पोचते?" मग त्यांनी अंगणातली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि बाहेर पडले. बागेच्या वळणावर, जिथं काकू पडल्या होत्या, तिथं कडुनिंबाखाली ती टाकून बसले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते तिथं असत, इस्त्रीच्या शर्टात. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलकडे इतकं रोखून पाहत की ओळखीचे लोकही वेग कमी करून नमस्कार करत. गल्ली हसली, मग सवयीची झाली. कोचिंग क्लासला जाणाऱ्या, आसपासच्या खेड्यांतून येऊन खोली घेऊन राहिलेल्या मुली जाताना सांगायला लागल्या, "अंकलजी, आठ बजे तक आऊंगी." आणि एखादी आठाला आली नाही तर काका उठून क्लासच्या दारापर्यंत जात.

काकांना तिथं चहाची आठवण राहत नसे. काकू फाटकातून हाका मारत, ते ऐकत नसत. एका संध्याकाळी मी वरच्या गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते आणि पाहिलं, तर काकू चहाचा कप हातात धरून रस्त्यानं चालल्या होत्या. वर बशीनं झाकण. अर्ध्यावर मागून स्कूटर गेली, त्या थांबल्या, चहा हिंदकळला. मग पुन्हा चालल्या. कोपऱ्यावर पोचून त्यांनी काकांना रागावून काही तरी सांगितलं. नंतर काकांनी मला सांगितलं, "म्हणे, थंड झाला तर मले नावं ठेवू नका."

पुढे खासदार एकदा खरंच आले. दुसरी खुर्ची टाकून काकांशेजारी बसले. चौकी काही मिळाली नाही, पण त्यांनी ठाण्यात बोलून ठेवलं होतं, आणि संध्याकाळच्या गस्तीला एक महिला शिपाई आमच्या भागात यायला लागली. काकांनी तिला प्रत्येक घराची ओळख करून दिली, कुणाचा कुत्रा चावतो तेसुद्धा. ती काकूंच्या हातचा चहा पिऊन पुढे जायची.

आमच्या बदलीची ऑर्डर आली त्या आठवड्यातली गोष्ट. मी कोपऱ्यावरून जात होते. काका नेहमीसारखे बसले होते, पण खुर्ची उलटी, तोंड भिंतीकडे.

"काका, हे काय?"

"तुमची काकू फेरीले गेली. एकटीच." ते भिंतीकडेच पाहत बोलत होते. "म्हणे, तुमी पाहत राहता तं मले वाटते मी परीक्षेले बसली. मी कबूल केलं, पाहणार नाही." थोडं थांबून हळूच म्हणाले, "सूनबाई, तुमी पाहा न. कुठवर पोचली?"

मी पाहिलं. बागेच्या पलीकडच्या बाजूला काकूंचं हिरवं लुगडं दिसत होतं.

"पंपहाऊसपाशी आहेत. थांबल्यात."

काकांचे हात खुर्चीवर घट्ट झाले. "काहून थांबली?"

"भाजीवालीशी बोलताहेत. हसताहेत."

"हसून राहिली?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. काकांनी पाठ टेकली, डोळे मिटले. "मंग काही खरं नाही," ते म्हणाले, "आता तासभर येत नाही ती."