दुपारी दीडचं वायफाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझं मराठी जरा दिल्लीवालं आहे, सांभाळून घ्या. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे माझा जन्म, शाळा, सगळं दिल्लीतल्या द्वारकेत. घरात मराठी, दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. कॉलेज संपल्यावर गुडगावच्या एका कंपनीत हेल्पडेस्कवर लागले. म्हणजे पासवर्ड विसरला, प्रिंटर रुसला, की लोक फोन करून ज्यांच्यावर ओरडतात, ते आम्ही. दोन वर्षं झाली आणि रोज एकच भुंगा — आता पुढे काय? सर्व्हर शिकू? नेटवर्क? की इथेच टीम लीड होऊन दुसऱ्यांवर ओरडू? काही म्हणजे काही ठरत नव्हतं.

तेव्हा नसीमभाई आले. मूळचे उदगीरचे. यूपीएससीसाठी दिल्लीत मुनिरकात खोली घेऊन राहिले होते, सगळे अटेम्प्ट संपले, आणि तेहतिसाव्या वर्षी माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, आणि काम शिकवणार कोण, तर मी. त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. मला वाटली असती. पहिल्याच दिवशी, दोन फोनच्या मध्ये, ते म्हणाले, उसंत मिळाली की जेवून घे. उसंत! हा शब्दच मला माहीत नव्हता, यार. घरी जाऊन आईला विचारला.

त्यांना मात्र पुढचं पाऊल पक्कं ठाऊक होतं. नेटवर्क. डबा उघडला की तेच बोलायचे — हेल्पडेस्कवर एक वर्ष, मग नेटवर्क टीम, मग गावी आई-अब्बांना सांगायचं की दिल्लीत काहीतरी झालो. अगदी तोंडाला पाणी सुटल्यासारखे बोलायचे. मी नुसती ऐकत राहायचे.

आता एक गोष्ट समजून घ्या. आमच्याकडे नव्या माणसाचं लॉगिन यायला महिना-दीड महिना लागायचा. तोवर तो शेजारच्याच्या लॉगिनवर काम करायचा. सगळेच करायचे, त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही. म्हणजे तक्रार सोडवायची नसीमभाईंनी, आणि नाव पडायचं माझं.

त्या महिन्यात चौथ्या मजल्यावरचं वायफाय रोज दुपारी जायचं. नेटवर्कवाले दोनदा येऊन गेले — सकाळी यायचे, आणि सगळं ठीक आहे म्हणून जायचे. नसीमभाई स्वतःचं जेवण सोडून तीन दिवस तिथे वही घेऊन उभे राहिले. मजल्याचा नकाशा काढला, कुठल्या टेबलावर किती वाजता बंद पडतं ते लिहिलं. आणि काय निघालं? पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह! दीड वाजता लोक डबे गरम करायला लागले की आसपासचं वायफाय बंद. मायक्रोवेव्ह पार पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला, आणि संपलं. तक्रारीखाली त्यांनी सगळी हकीकत नीट लिहिली. त्याच्याखाली अर्थात माझं नाव.

दोन आठवड्यांनी मेल आली. नेटवर्क टीममध्ये एक जागा होती, ती मला मिळाली होती — चौथ्या मजल्याच्या कामाबद्दल.

नसीमभाईंनी मेल वाचली. मग म्हणाले, "लॉगिन तुझं होतं, सिस्टिमनं तुझं नाव उचललं. त्याला तू काय करणार?" माझीच समजूत काढली त्यांनी! आणि ती वही माझ्यापुढे सरकवली, "घे, तुला लागेल आता."

मी मान हलवली. वही घेतली.

इथवरचं त्यांना माहीत आहे. पुढचं — पुढचं नाही.

सिस्टिमनं काहीच केलं नव्हतं. मेल यायच्या चार दिवस आधी नेटवर्कच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. स्क्रीनवर ती हकीकत उघडी होती. सरळ विचारलं त्यांनी, "ये आपने पकड़ा, या किसी और ने?" केबिनला काचेचं दार. पलीकडे नसीमभाई, कानाला हेडसेट, कुणालातरी शांतपणे पासवर्ड बदलायला शिकवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, "मैंने, सर."

ती जागा मला हवी होती का? खरं सांगू? नव्हती. कुणालातरी ती इतकी हवी आहे हे रोज बघून बघून मला हवीशी झाली. बस, एवढंच.

दुसरी जागा निघाली नाही. आठ महिन्यांनी ते उदगीरला परत गेले. आता कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतात, आणि मुलांना माझं उदाहरण देतात — हेल्पडेस्कवरून कुठल्या कुठे पोचली बघा. हे मला ते स्वतः सांगतात, दर ईदला, फोनवर, हौसेनं.

मी अजून त्याच इमारतीत आहे. मायक्रोवेव्ह अजून त्याच कोपऱ्यात आहे. दीड वाजला की मी उगाच चौथ्या मजल्यावर जाते. जेवलीस का म्हणून मराठीत विचारणारं आता कुणी नाही, आणि मला त्यांची आठवण येते. फार येते. त्यांनी पुन्हा शेजारी बसावं, डबा उघडून नेटवर्कचं बोलावं, असं वाटतं — ज्या खुर्चीवर ते बसायला हवे होते, तिच्यावर बसून वाटतं.

गेल्या ईदला त्यांनी विचारलं, ती वही आहे का अजून? मी म्हटलं, आहे. ते केवढे खूश झाले. मग मी त्यांना ईद मुबारक म्हटलं, आणि फोन ठेवला.