माशांना सोबत हवी होती

घरात माशांची टाकी आली की किस्से शोधावे लागत नाहीत. काचेवरच्या शेवाळासारखे आपोआप जमतात.

आमच्या नांदेडच्या घरी टाकी आली ती सुनेसाठी. मागच्या खेपेला मयूरीचं बाळ पोटातच गेलं. यंदा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पलंगावरून उतरायचं नाही. मी सोळा सोमवार धरले, आणि लातूरला नोकरीला असलेल्या माझ्या मुलानं, नितीननं, पलंगासमोर टाकी मांडून दिली.

आठवड्यात मयूरी कंटाळली. "मासे जातात, वळतात, परत येतात. दुसरं कोणी तरी आणा."

*

पहिला आला नखाएवढा खेकडा. एकादशीच्या सकाळी बघते तर टाकीचं झाकण सरकलेलं, खेकडा गायब. पाण्याबाहेर तो सुकून मरणार, आणि या दिवसांत मयूरीसमोर काही मरू नये, एवढंच माझ्या डोक्यात. कपाटं सरकवली, गाद्या झटकल्या. शेवटी शेजारच्या शोभाबाईंना तो देवघरात सापडला, निर्माल्याच्या ओल्या फुलांत.

"तुमच्यापेक्षा याची भक्ती लई हाय," त्या म्हणाल्या.

*

मग बेडूक. कायम पाण्यात राहणारा, श्वासापुरता वर येणारा. शोभाबाईंनी त्याला तळाशी बघितलं आणि काढून थेट खिडकीत ठेवलं. "बुडून राहिलं होतं लेकरू."

"अहो, बेडूक आहे तो!"

"मग काय झालं? पोहणारा माणूस बुडत न्हाई का?"

परत सोडला तर पसरून पडला. संध्याकाळी त्यानं अळी गिळली, तेव्हा कुठं मयूरी जेवली.

*

गोगलगायीनं मात्र कधी घोर लावला नाही. चतुर्थीला मी भगरीवर, ती उकडलेल्या दोडक्यावर.

"अशी सून पाहिजे, कुरकुर न्हाई," शोभाबाई म्हणाल्या.

"घर बी पाठीवर घेऊन येते, काकू," मयूरी पलंगावरून म्हणाली. "तुम्हाला खोली द्यायला नको."

*

शेवटी आले तांबडे झिंगे. त्यातल्या एका मादीच्या पोटाखाली अंडी. इवल्या पायांनी ती दिवसभर अंड्यांना वारा घालायची, आणि मयूरी दुसरीकडं बघायचीच नाही. "हिची तरी नीट होऊ देत," एकदाच म्हणाली.

सोमवारी शोभाबाई तीर्थ घेऊन आल्या. गोदावरीचं पाणी, रात्रभर देवापुढं तांब्याच्या कलशात ठेवलेलं. मयूरीला घोटभर दिलं आणि उरलेलं मायेनं टाकीत ओतलं. "हिच्या बी पोटात लेकरं हायत."

थोड्या वेळानं झिंगे काचेवर आदळायला लागले.

"आई, तांबं," मयूरीनं कलशाकडं बोट दाखवलं. "दुकानदार म्हणाला होता, झिंग्यांना तांबं म्हणजे विष." तिनं एक पाय खाली टाकला.

"पाय वर घे," मी ओरडले. तिच्यावर असा आवाज मी कधी चढवला नव्हता.

टाकीसाठी भरून ठेवलेल्या पाण्याची बादली शोभाबाईंनी धरली. मी चहाच्या गाळणीनं एकेक झिंगा उचलला. अंडीवाली सगळ्यांत शेवटी हाती लागली, आडवी पडलेली.

बादली पलंगाला लावून ठेवली. तिघी बघत बसलो. माझ्या तोंडी जप. शोभाबाई नुसतं, "माझ्याच हातानं. माझ्याच हातानं."

बऱ्याच वेळानं मयूरी बादलीतून नजर न काढता म्हणाली, "पाय हलवून राहिली. वारा घालतेय."

मग तिनं शोभाबाईंचा ओला हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला.

"हितं बी बघा."